टेबलक्लॉथवरचा निळा डाग

आमचं भांडण झालं नसतं, तर त्या दिवशी माझ्या टेबलाकडे कुणी फिरकलंही नसतं.

शहराच्या सभागृहात दोन दिवसांची विज्ञान जत्रा होती. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ‘घरातलं रसायनशास्त्र’ अशी पाटी लावून सकाळपासून माशा मारत बसले होते, आणि सगळी गर्दी शेजारच्या रोबोपुढे! शेवटी वैतागून आयोडीनचं भांडं उचललं, वळले आणि... थेट एका माणसावर आदळले.

त्याच्या हातात खळ घालून कडक इस्त्री केलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथचा गठ्ठा होता. तपकिरी आयोडीन वरच्या कापडावर सांडलं आणि बघता बघता डाग काळानिळा झाला.

“अहो, हे काय केलंत!” तो ओरडला. “मागच्या हॉटेलात द्यायचेत हे, संध्याकाळच्या मेजवानीला. माझी लाँड्री नवीन आहे हो... पहिलंच मोठं काम. हे गेलं तर पुन्हा कोण विचारणार मला?”

त्याने खिशातून चक्क साबणाची वडी काढली.

“साबण नको! दोन मिनिटं थांबा.”

“तुमच्यावर विश्वास ठेवून?”

“दुसरा काही इलाज आहे?”

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. डोळे रागावलेले होते, पण फार छान होते. हे मी तेव्हाच टिपलं, खोटं कशाला बोलू?

भांडण म्हटल्यावर माणसं रोबोला सोडून आमच्याभोवती जमली. मी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या पाण्यात विरघळवल्या आणि ते पाणी डागावर ओतलं. डाग फिका झाला... आणखी फिका... आणि गेला!

“अगं बाई! गेला कुठे?” एक आजी पुढे सरसावल्या.

मग काय, माझी गाडी सुटली. खळीला आयोडीन भेटलं की निळा रंग येतो. व्हिटॅमिन सी त्या आयोडीनचं रूपच बदलतं, म्हणून रंग जातो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाँड्रीवाला मात्र कापड उजेडात धरून बघत होता.

“परत नाही ना येणार?”

“बिनधास्त जा,” मी ऐटीत म्हटलं.

तो गेला आणि दहा मिनिटांनी मला आठवलं – ब्लीच! ओल्या कापडाला ब्लीच लागलं, तर आयोडीन पुन्हा मूळ रूपात येतं आणि डाग परत हजर. आणि हा तर लाँड्रीवाला! मी टेबल सोडून हॉटेलात धावले. टेबलक्लॉथ अजून आलेच नव्हते; तो ते धुवायला परत घेऊन गेला असणार. कुठल्या लाँड्रीत, ते तिथल्या वेटरला माहीत नव्हतं, आणि मीही नाव विचारलंच नव्हतं. एवढी शिकलेली मी, पण त्या दिवशी स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. बगलेत तोच टेबलक्लॉथ. चेहरा पार पडलेला.

“ब्लीच लावलंत ना?”

“लावलं. वाटलं, जरा स्वच्छ करून देऊ. तर डाग परत आला!”

“माझंच चुकलं... मी सांगायला हवं होतं. चला, मी येते हॉटेलात, त्यांना सांगते–”

“अहो, पुढचं ऐका तरी! मग तुमचं बोलणं आठवलं. म्हटलं, आयोडीनच परत आलं असेल, तर गेलं तसं पुन्हा जाईल. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या.”

त्याने कापड उलगडलं. पांढरंशुभ्र! “मेजवानी झाली. आता दर आठवड्याचं काम मिळालंय.”

माझा जीव भांड्यात पडला. जत्रेला आलेला एक माणूस तरी रसायनशास्त्र शिकून गेला होता!

“मग तोंड का असं पाडलंय?”

तो घुटमळला. “डाग गेला ना... आता तुम्हाला भेटायला यायचं, तर काय सांगून येऊ?”

मी हसले. मलाही तो हवा होता – उद्याही, परवाही. मी ड्रॉपर उचलला आणि त्याच्या खळीच्या कडक बाहीवर आयोडीनचा एक थेंब टाकला. छोटासा निळा ठिपका उमटला.

“हा मीच काढणार,” मी म्हटलं. “सावकाश. तोवर ब्लीच लावायचं नाही.”

“नाव काढणार नाही,” तो म्हणाला, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.