‘टेक’चे एकशे सत्तेचाळीस उपयोग

फलटणच्या बाजारात त्या सकाळी एक बंगाली व्यापारी आणि गिरवीचा एक बागायतदार डाळिंबावरच्या काळ्या डागांवरून भांडत होते. डाग रोगाचे की उन्हाचे, एवढाच वाद होता. व्यापारी बंगालीत बोलत होता, बागायतदार त्याला चांगलं ठसक्यात गावरान मराठीत सुनावत होता, आणि दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द कळत होता. दोघांच्याही कानात हरभऱ्याएवढा कानमणी होता. समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, हा मणी ते त्याच्याच आवाजात, पण आपल्या भाषेत कानात घालायचा. भांडण संपलं, दोघं हसले आणि चहाला गेले.

आता कुणाला याचं नवल वाटत नसे. हणमंत शिंगटे सर मात्र पिशवी हातात धरून शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं. सहा वर्षांपूर्वी शाळेने इंग्रजीचा तास बंद केला, तेव्हा गावात आरडाओरडा होईल असं त्यांना वाटलं होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. वेळापत्रकात त्या जागी बागकाम आलं आणि मुलं खूश झाली.

सरांकडे त्या चौतीस वर्षांचं एवढंच उरलं होतं: बुटाच्या खोक्यातली, ‘टेक’ या एका इंग्रजी क्रियापदाची एकशे सत्तेचाळीस कार्डं. रजा घेणे, औषध घेणे, फोटो काढणे, एखाद्याला दवाखान्यात नेणे, वेळ लागणे, मनाला लावून घेणे. ज्याला मराठीत डझनभर क्रियापदं लागतात, ते इंग्रज एकट्या ‘टेक’वर कसं भागवतो, याचं सरांना आयुष्यभर कौतुक वाटत आलं. प्रत्येक कार्डावर वाक्य, आणि खाली ते कोण म्हणालं त्याचं नाव. व्याकरणाच्या पुस्तकातून आलेल्या वाक्यांखाली मात्र नावाची जागा कोरी. त्यांची बायको रंजना सुवाच्य अक्षरात ही कार्डं लिहून द्यायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, ती रांगोळी काढावी तशी अक्षरं काढायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

दर रविवारी दुपारी साडेचारला त्यांची नात रेवा लीड्सहून फोन करायची. वय वर्षं दहा. जन्म तिकडचा, आई तिकडची, मराठी औषधालाही नाही. पण कानमणी होता ना. गेली चार वर्षं आठवड्यातले सहा दिवस सर कसेबसे ढकलत आणि सातव्या दिवशी मोकळे होत. ते रंजनाच्या गोष्टी सांगायचे आणि नात विचारायची, “मग आजी काय म्हणाली?”

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “आजोबा, मी अगदी आजीच्या वळणावर गेलेय, असं पप्पा म्हणतात. तब्येतीला जपा हं.”

सरांना रात्रभर झोप नाही. आनंदाने. वळणावर जाणे म्हणजे ‘टेक आफ्टर’, तब्येतीला जपणे म्हणजे ‘टेक केअर’: दोन्ही ‘टेक’चेच उपयोग, आणि दोन्ही कार्डांवरची नावाची जागा इतकी वर्षं कोरी. आता तिथे नातीचं नाव येणार होतं. फक्त तिचं मूळ इंग्रजी वाक्य हवं होतं. कानमणी मूळ बोलणं सात दिवस साठवून ठेवतो असं ऐकून ते बाजारातून थेट नसीमा मुलाणीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. नसीमा त्यांचीच विद्यार्थिनी.

“अजून कार्डं चालू आहेत, सर? त्या ‘टेक’ने मला दोनदा नापास केलंय.”

“त्याने नाही, मी केलं. तुझं ‘टूक’ आणि ‘टेकन’ कधी जागेवर नसायचं.”

नसीमा हसली. मणी यंत्राला जोडून तिने साठवलेलं रविवारचं मूळ बोलणं लावलं. आधी शांतता. मग एक जरा घोगरा, ओळखीचा नसलेला मुलीचा आवाज. हाय आजोबा. फाइन. स्कूल्स फाइन. यॅ. मध्ये बराच वेळ कसली तरी खुडबूड. ओके. डॅड्स कॉलिंग. बाय.

“पुढचं लाव,” सर म्हणाले.

“पुढे काही नाही, सर. संपला फोन.”

नसीमाने सेटिंग उघडून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मण्यात आपुलकीच्या पाच पातळ्या असतात, तिने सांगितलं. पहिल्या पातळीवर तो जे बोललं तेवढंच सांगतो. पाचव्या पातळीवर समोरचा माणूस कमी बोलला, तर आपल्या घरात अशा वेळी जे बोलतात ते स्वतः घालून जागा भरून काढतो, आवाजही गोड करतो. लाखो मराठी घरांतलं बोलणं ऐकून तो ते शिकलेला असतो. सरांचा मणी पाचवर होता.

“आणि मी बोलतो ते? ते तिला कसं जातं?”

“तिकडच्या मुलांना लांबड आवडत नाही, असं तो शिकलाय. त्यामुळे आखूड करून.” तिने पडद्यावर दाखवलं. गेल्या रविवारी सरांनी वीस मिनिटं रंजनाची गोष्ट सांगितली होती: ओढ्याला पूर आला असताना गावातल्या चार लहान पोरांना ती एकेक करून कडेवर घेऊन कशी पलीकडे गेली. नातीला पोचलं होतं, आजोबा बरे आहेत, तिकडे पाऊस आहे.

“मी सांगायला नको होतं का, सर?”

“बरं केलंस सांगितलंस,” सर म्हणाले. ते घरी आले आणि बराच वेळ पिशवी न ठेवता तसेच बसून राहिले. इतकं एकटं त्यांना रंजना गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान आपण एकटे आहोत हे माहीत होतं. चार वर्षं आपण एका मण्याशी बोलत होतो, याची त्यांना लाज वाटली आणि त्या मण्यातल्या नातीची आठवणही आली.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला. अभिजित लपवाछपवी करण्यातला नव्हता.

“आई गेल्यावर तुम्ही फोनवर नुसते हं हं करायचात, बाबा. आणि रेवा लाजायची. दोघंही गप्प. मला बघवेना, म्हणून मी पाचवर टाकलं. एकावर करू का?”

“ते एकावरच आहे हे मला कसं कळणार? मी काढूनच बोलतो.”

“तिचं इंग्रजी तुम्हाला झेपणार नाही, बाबा.”

हे खरं होतं, आणि मुलाच्या तोंडून ऐकताना सरांना ते लागलं. त्यांनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण मराठीतून. टेक म्हणजे घेणे, टूक म्हणजे घेतले, लिहा. साऱ्या जिल्ह्याने असंच शिकवलं आणि असंच शिकलं. कर्ता, कर्म, काळ यांत सरांना कुणी हरवलं नसतं. पण एकदा महाबळेश्वरला एका गोऱ्या बाईने वाट विचारली, तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढून उत्तर लिहून दिलं होतं. व्याकरण बिनचूक होतं. रंजना त्यावरून वर्षभर त्यांना चिडवत होती.

त्या आठवड्यात सरांनी पूर आणि चार पोरं ही गोष्ट इंग्रजीत लिहून काढली. रोज जेवण झालं की स्वयंपाकघरात उभं राहून ते ती मोठ्याने वाचायचे. शेजारच्या सावंतीणबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, “सर, पाहुणे आलेत का?” सर म्हणाले, “यायचेत.”

रविवारी साडेचारला फोन आला. पडद्यावर रेवा होती, नजर खाली कशात तरी. सरांनी आपला कानमणी काढून तिला दाखवला आणि टेबलावर ठेवला.

“रेवा,” ते इंग्रजीत म्हणाले, “टेक इट आउट. प्लीज.”

तिने चमकून वर पाहिलं. आजोबांचं तोंड आणि आवाज पहिल्यांदाच एकाच वेळी चालत होते. तिने बाजूला बापाकडे पाहिलं असावं, मग मणी काढला. आणि काहीतरी बोलली, भराभर, एका दमात. सरांना त्यातलं ‘वाय’ तेवढं कळलं. आता ही कंटाळणार, उठणार, आणि पुढच्या रविवारी फोनच येणार नाही, अशी भीती त्यांना वाटली. गोड बोलणारी नात तर हातची गेलीच होती.

त्यांनी कागद उचलला. “रंजना टूक फोर चिल्ड्रन अॅक्रॉस द…” ओढ्यासाठी लिहिलेला शब्द जिभेवर येईना. आठवडाभर तो बिनबोभाट आला होता. ते पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लागले आणि पुन्हा तिथेच अडले. चौतीस वर्षांत ज्या मुलांना त्यांनी असं उभं केलं होतं, ती सगळी त्यांना आठवली. तेव्हा आपण कुणासाठी थांबल्याचं मात्र त्यांना आठवेना.

पलीकडे खुडबूड थांबली होती. रेवाने हातातलं जे काही होतं ते बाजूला ठेवलं होतं आणि ती पडद्याकडे वाकली होती.

“टेक युअर टाइम, आजोबा,” ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मणी नसताना.

सरांना कळलं. सावकाश होऊ द्या, घाई नाही. याचंही कार्ड खोक्यात होतं, पण त्याखाली तिचं नाव लिहिण्याचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. त्यांनी कागद खाली ठेवला, चष्मा पुसला.

“हू इज रंजना?” रेवाने विचारलं.

“युअर आजी.”

ती गप्प झाली. लाजली असेल, किंवा चार वर्षांच्या फोनांत हे नाव कधी ऐकल्याचं आठवून बघत असेल. सरांना ते कळायला मार्ग नव्हता. ती जागा भरून काढायला आता मध्ये कुणी नव्हतं. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली, तिचा आवाजही विरला. मग नातीने पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली आणि तिच्या त्या घोगऱ्या, खऱ्या आवाजात, सावकाश इंग्रजीत विचारलं, कशी होती ती?

मणी असे प्रश्न दर रविवारी विचारायचा. खऱ्या माणसाने मात्र चार वर्षांत हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, मराठीतसुद्धा नाही. सरांनी तोंड उघडलं. कशी होती रंजना?