रविवारी न चरणारी गुरं

समितीच्या खोलीत तोंड उघडायचं नाही, हे सारिका पारठेला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. प्रतिवेदकानं फक्त लिहायचं. खोकला आला तर गिळायचा. आमदार विचारतात, सचिव उत्तर देतात, आणि प्रतिवेदक शब्द न् शब्द कागदावर उतरवतो. दहा मिनिटांनी त्याची पाळी संपते. मग दुसरा येतो, कानाशी वाकून "शेवटचं वाक्य?" एवढंच विचारतो आणि पुढचं लिहायला बसतो.

बोलणं ऐकून लिहिणारी यंत्रं केव्हाच आली होती, पण ती जरा जास्तच शहाणी निघाली. एका मंत्र्यांचं अडखळत दिलेलं उत्तर यंत्रानं परस्पर नीटनेटकं करून टाकलं, इतकं की त्यातली कबुलीच गळून गेली. तेव्हापासून लोकलेखा समितीनं नियमच करून टाकला, की साक्ष माणसाच्याच हातानं लिहिली जाईल.

बाकी सगळं मात्र बदललं होतं. पूर्वी सरकारनं बांधलेला पूल खरंच उभा आहे का, हे पाहायला समिती गाड्या काढून जायची. आता पूलच मेजावर येऊन उभा राहायचा. सरकारी पैशातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूत कारखान्यातच मोहरीएवढे साक्षीकण बसवलेले असत. वस्तू चालू आहे का, हलतेय का, तापतेय का, हे ते कण सतत कळवत राहायचे आणि त्या माहितीतून त्या जागेचं हलतंबोलतं प्रतिरूप मेजावर उमटायचं. सगळे त्याला 'जुळं' म्हणायचे. माहिती तुटक असली की जुळं आपल्या अंदाजानं पोकळी भरायचं. वस्तू नेमकी कुठे बसवली, ते मात्र बसवणाऱ्यानं नोंदवायचं. एवढीच एक गोष्ट माणसाच्या शब्दावर सोडली होती, आणि माणूस म्हणजे ठेकेदार! पण दौरे बंद झाले, आमदारांच्या बुटांना चिखल लागायचा थांबला, आणि याचं काय ते कौतुक झालं होतं म्हणता!

ऑगस्टमधल्या त्या सोमवारी मेजावर धामणखोरं उमटलं, तेव्हा सारिकाचं पेन अडखळलं. ते तिचं गाव होतं. मागचा उभा डोंगर, त्याच्या पायथ्याची वरची आळी, तिथलं अंगणवाडीचं लाल छप्पर. त्या अंगणवाडीत तिची ताई, मनीषा, सेविका होती. आई गेल्यावर ताईनंच सारिकाला वाढवलं होतं. वेण्या घालण्यापासून लघुलेखनाच्या क्लासची फी भरण्यापर्यंत सगळं तिनंच केलं होतं.

लेखापरीक्षकांचा आक्षेप साधा होता: डोंगर सरकायच्या आधी इशारा देणारे बेचाळीस कंपमापक विकत घेतले, ते बसवलेत का?

"बेचाळीसच्या बेचाळीस चालू आहेत, सर," सचिव मृणाल देवस्थळी म्हणाल्या. "हा एकेक हिरवा ठिपका म्हणजे एकेक मापक. डोंगर अगदी ठणठणीत आहे."

समितीचे अध्यक्ष निवृत्ती वाघचौरे विरोधी पक्षाचे, आणि माणूस सहजासहजी हार जाणारा नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ठणठणीत कसला? रोज अकरा ते एक थोडं थोडं हलतंय की."

"गुरं चरतात, सर. जुळ्यानंच तसा अर्थ लावलाय." उतारावर दहा-बारा तपकिरी गुरं माना घालून उभी होती.

"आणि रविवारी काहीच हालचाल नाही ती? रविवारी गुरांना सुट्टी असते वाटतं?"

सगळी खोली हसली. सचिवही हसल्या. सारिकानं नियमाप्रमाणे कंसात लिहिलं, हशा. आणि लिहिता लिहिता तिला ताईचा फोन आठवला.

गुरं नव्हतीच ती. आठवड्यापूर्वी बोलताना फोनच्या पडद्यावर तिला ताईच्या मागे चौदा लाकडी पेट्या दिसल्या होत्या. त्यांवर अंगणवाडीतली पोरं बसली होती.

"कसल्या गं पेट्या?"

"सरकारी आहेत. ठेकेदाराच्या माणसानं उतरवल्या, माझी सही घेतली नि गेला. डोंगरावर नेतो म्हणाला होता, त्याला दीड वर्ष झालं. पोरांना फुकटात बाकं मिळाली बघ! खिचडी खाताना नुसते पाय आपटतात मेले." मग गलका फार झाला म्हणून ताईनं पळीच्या दांड्यानं पेटीवर तीनदा ठोकलं होतं. ठक ठक ठक. पोरं एकदम चिडीचूप. ही ताईची जुनी सवय. सारिका लहान असताना ती अशीच दारावर ठोकायची.

खिचडी अकरा ते एक. रविवारी अंगणवाडी बंद. एकेका पेटीत तीन-तीन असे बेचाळीस कंपमापक पेट्यांतून अगदी इमानेइतबारे कळवत होते, की अंगणवाडीची फरशी जागची हलत नाही. डोंगराचं काय चाललंय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

'ती गुरं नाहीत, साहेब.' चारच शब्द. सारिकाच्या जिभेवर आले होते. पण सतरा वर्षं ज्या खोलीत तिनं खोकलासुद्धा गिळला होता, तिथे ते चार शब्द तिला बाहेर काढता आले नाहीत.

"उत्तर समाधानकारक आहे," वाघचौरे बेचाळीसही ठिपके मोजून झाल्यावर म्हणाले. "आक्षेप वगळला." तेही सारिकानं लिहिलं, वळणदार अक्षरात.

नंतर तिनं रीतसर अर्ज दिला, की पेट्या अजून अंगणवाडीतच पडून आहेत. अहवाल छापून झाल्यावर पाहू, असं उत्तर आलं. तिनं ताईला फोन करून विनवलं, की काही दिवस माझ्याकडे ये.

"आणि ही सव्वीस पोरं कुणाच्या गळ्यात घालू?" ताई म्हणाली. "तू ना, उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

दहा दिवसांनी, गुरुवारी दुपारी सव्वाबाराला, डोंगर खाली आला.

दोन्हीकडचे घाट बंद होते. सारिकानं मदतकेंद्राला किती फोन केले त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी एकच उत्तर: बचावपथक खालच्या आळीपासून खोदत येतंय, वरच्या आळीत कोणी जिवंत असण्याची शक्यता जुळ्यानं शून्य सांगितलीय, तिकडे सोमवारी पोचू. शून्य! ज्या यंत्राला डोंगर कळला नाही, त्याला माणसं मेलेली मात्र बरोबर कळली. सारिका रडली, भांडली, शेवटी फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी समितीची तातडीची बैठक लागली. ते कळताच तिनं आपणहून पाळी मागून घेतली. खोदायचा हुकूम देऊ शकणारी माणसं त्याच खोलीत बसणार होती. सतरा वर्षांची नोकरी गेली तर गेली.

मेजावर धामणखोरं पुन्हा उमटलं. सकाळच्याच हवाई छायाचित्रांवरून जुळ्यानं डोंगराचा उघडा पडलेला लाल भाग दाखवला होता. वरच्या आळीच्या जागी नुसता चिखल. आणि त्या चिखलावर, अजूनही, हिरवे ठिपके.

"यंत्रणा पूर्णपणे कार्यरत होती आणि आहे," देवस्थळी वाचून दाखवत होत्या. "गुरुवारी सव्वाबाराला धक्का नोंदला गेला, पण त्याआधी धोक्याचा कंप आलाच नाही, त्यामुळे इशारा देता आला नाही. ही नैसर्गिक आपत्ती आहे."

"थांबा," वाघचौरे म्हणाले. "डोंगर खाली आला, आणि डोंगरावरची यंत्रं जागच्या जागी? एकही तुटलं नाही?"

देवस्थळींनी कागद उलटे-सुलटे केले. त्यांनाही ठेकेदारानं जे लिहून दिलं तेच माहीत होतं.

"आणि हे काय?" वाघचौरे खुर्चीतून उठून मेजावर वाकले. "चिखलात गुरं काय खातायत?"

सारिकानं मान वर केली. लाल चिखलावर दहा-बारा तपकिरी गुरं उभी होती. सगळ्या गुरांनी एकदम मान खाली घातली, वर केली. खाली, वर. खाली, वर. तीनदा. मग थांबली. मग पुन्हा तीनदा.

तिचं पेन खाली पडलं.

"ती गुरं नाहीत," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला, की तिची तीच दचकली. "साहेब, ती माझी ताई आहे! यंत्रं डोंगरावर कधी गेलीच नाहीत. पेट्या अंगणवाडीत आहेत. ती पेटीवर ठोकतेय. गुरुवारपासून ठोकतेय ती, आणि हे यंत्र आपल्याला गुरं दाखवतंय!"

देवस्थळींनी नोंद मागे नेली. शुक्रवार, पहाटे चार: गुरं. शुक्रवार, दुपार: गुरं. रात्रभर, न थकता चरणारी गुरं. प्रत्येक वेळी तीनदा.

"मागच्या वेळी मी हसलो होतो," वाघचौरे म्हणाले. मग त्यांनी फोन उचलला आणि बचावपथकाच्या प्रमुखावर अक्षरशः ओरडले. "खालचं अर्ध्या माणसांवर सोडा आणि बाकीचे वर जा! अंगणवाडी कुठे होती, गावातल्या कुणालाही विचारा. यंत्राला विचारू नका, माणसाला विचारा! किती वेळ? दोन तास? एका तासात करा!"

सारिकानं पेन उचललं. सवयीनं ती लिहू लागली. तिनं स्वतःचंच वाक्य कागदावर उतरवलं. समासात बोलणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. तिथे काय लिहायचं ते तिला सुचेना, म्हणून तिनं ती जागा कोरी ठेवली.

मेजावरच्या माना आता सावकाश हलत होत्या. एक. मोठी विश्रांती. दोन. सारिका तिसऱ्याची वाट पाहत राहिली. मग तिला पाहवेना. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

दहा मिनिटं झाली होती. सेवानिवृत्तीला दोन महिने राहिलेले प्रतिवेदक इनामदार पाळीवर आले. नेहमीप्रमाणे ते तिच्या कानाशी वाकले.

"शेवटचं वाक्य?"

सारिकानं डोळे उघडले नाहीत. तिनं चाचपडत त्यांची बाही घट्ट धरली.

"सर, मेजाकडे बघा आणि मला सांगा," ती म्हणाली. "गुरं अजून चरतायत का?"