पुन्हा सातव्या पानावर

तनुजा करमाडला उतरली होती ती हार्डवेअरच्या एका दुकानदाराला भेटायला. पत्ता विचारायला रोपवाटिकेत शिरली, तर रोपांना पाणी घालणारा एक जण पाइपासकट वळला आणि तिच्या चपला, सलवार सगळं भिजवून मोकळा झाला.

"माफ करा... कोण तुम्ही?"

"लोकांच्या वेबसाइट गूगलवर वर आणते मी," ती ओढणी पिळत म्हणाली.

"मग आमची बी आणा की. 'मोसंबीची रोपं' टाकलं की अख्खी दुनिया दिसती, आमीच नाय."

असा शिवराज भेटला. उन्हानं रापलेला, डोळ्यांनी हसणारा, आणि — हे तिला पुढं कळलं — डोक्याला ताप.

काम तसं सरळ होतं. लोक कोणते शब्द टाकून शोधतात ते पाहायचं, ते पानाच्या मथळ्यात बसवायचे आणि रोज सकाळी शहरात, तिच्या सिडकोतल्या ऑफिसात साइट कुठवर चढली ते बघायचं. साइट चढायची. गूगलच्या सातव्या पानावरून चौथ्या, चौथ्यावरून दुसऱ्या. पहिलं पान हाताशी आलं की धाडकन खाली. मग तनुजाची करमाडची खेप ठरलेली. शिवराज चहा सांगायचा, मोसंबी सोलून द्यायचा आणि म्हणायचा, "पुन्हा पडली व्हय? यावं लागलंच मग तुम्हाला."

त्या खेपा तिला आवडायला लागल्या होत्या. पण साइटच्या घसरणीचा आलेख पाहिला की सगळं प्रेम आटायचं.

तिसऱ्यांदा साइट घसरली तेव्हा तिच्या बॉस प्रांजली मॅडमनी सरळच सांगितलं, "महिनाअखेर ही पहिल्या पानावर नसेल, तर तुला कायम करता येणार नाही."

तनुजानं चरफडत साइटच्या आत जाऊन कोणी काय बदललं ते तपासलं. तिनं घातलेला 'मोसंबी आणि केशर आंब्याची रोपं, करमाड' हा मथळा गायब. त्या जागी 'सुस्वागतम'. बदलणारा शिवराज. तिन्ही वेळा. आता या माणसाला काय म्हणावं?

ती तडक करमाडला गेली.

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस पहिल्यांदाच बघते मी. का केलंत हे?"

शिवराज मातीत बघत राहिला. "पहिल्या पानावर आली म्हंजी तुमचं काम संपलं. मग... तुम्ही कशाला येताय करमाडला?"

तिला हसू येत होतं आणि रडूही. "माझी नोकरी जाईल, शिवराज."

त्याचा चेहरा उतरला. "आईची आण, हे ठाऊक नव्हतं मला." त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला. "पासवर्ड बदला. मला सांगू नका."

त्यानंतर त्याचा एक फोन नाही. साइट निमूट चढत गेली, महिना संपायच्या आत पहिल्या पानावर जाऊन बसली. तनुजा कायम झाली. ऑफिसात पेढे वाटताना तिचं लक्ष मात्र फोनकडे, आणि फोन मुका. मग तिला नव्यानं राग आला.

रोपवाटिकेत तिला पाहून शिवराज धास्तावला. "पडली का? म्या हात नाय लावला..."

"वरच आहे."

"मग कशाला आलात?"

"यायला साइट पडावी लागते, असं तुम्हालाच वाटतं. माणसाला बोलवायचं तर फोन करावा. सुस्वागतम लिहायचं तर फाटकावर लिहावं." ती थांबली. "मला आवडता तुम्ही... तेवढंच सांगायला आले."

शिवराजच्या हातातला पाइप खाली पडला. पाणी चालूच होतं. तनुजाच्या चपला पुन्हा भिजल्या, पण या खेपेला ती बाजूला झाली नाही.