टेपचं दुसरं टोक

तो फोन आधी उलटा ठेव. उजेड डोळ्यांवर येतो माझ्या. आणि दार लोटून घे. कडी नको, नुसतं लोट. तुमची काकू झोपली असेल, पण तिची झोप म्हणजे मांजराची झोप. हे तिच्या कानावर जायला नको, कारण यातली माणसं तिच्या माहेरची आहेत.

मगाशी जेवताना तू म्हणालास ना, काका, जुने नकाशे बघून आपल्या घराण्याचा इतिहास शोधायचाय? शोध की. माझा अर्धा जन्म नकाशाघरात गेला, मी कशाला नको म्हणू? बसायचो, काच खालून उजळायची, वर जुना नकाशा, त्यावर पारदर्शक कागद, आणि रेघेवर रेघ. आपल्या मनाचं एक टिंबसुद्धा टाकायचं नाही, हाच आमचा धंदा. तेव्हा नकाशे कुठे मिळतात ते सांगेन. पण आधी माझ्या साडूचं ऐक.

काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तुम्ही लहान होतात, आठवायचा नाही. चष्म्यांचं दुकान होतं. लोकांचे डोळे तपासता तपासता आपल्याला सगळंच दिसतं असं वाटायला लागलेला माणूस. वाईट नव्हता हो. नाकासमोर चालणारा. फक्त घराण्याचा विषय निघाला की छाती फुगायची. त्याचे पणजोबा म्हणे तापाच्या साथीत अख्ख्या गल्लीतून एकटे वाचले. बायको गेली तापाने, मग कडेवर पोर घेऊन रातोरात निघाले, नव्या गावात शून्यातून उभे राहिले. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की धाकटी त्याच्या मागे उभी राहून ओठ हलवायची, शब्दाला शब्द. आम्ही हसू दाबायचो. त्याला वाटायचं आम्ही भारावलोय.

धाकटीचं काय सांगू. हसरी. ‘चल’ म्हटलं की कुठे, कशाला, काही न विचारता चपला घालून तयार. मला भाऊजी म्हणायची आणि माझ्या डब्यातलं खायची.

तर एका दुपारी साडू नकाशाघरात आला. काम साधं होतं. पणजोबांचं घर नेमकं कुठे होतं ते शोधायचं, आणि त्या जागी उभं राहून फोटो काढायचा. मी त्या वस्तीचे दोन जुने नकाशे काढले. एक साथीच्या आधीचा, एक साथीच्या वर्षातला. घर सापडायला वेळ लागला नाही. ओढ्याच्या वळणाशी, गल्लीच्या तोंडाला. समोर हद्दीचा दगड.

आता एक लक्षात घ्या. घराच्या नकाशात दार कसं दाखवतात? रेघेत थोडी जागा सोडतात. चारी बाजूंनी भिंतीची रेघ, आणि दाराच्या जागी फट. पहिल्या नकाशात त्या घराला फट होती, मागच्या भिंतीत. दुसऱ्या नकाशात नव्हती. चारी रेघा जुळलेल्या.

साडू म्हणाला, “काढणारा विसरला असेल.”

मी म्हटलं, “आमच्यात विसरत नाहीत, साडूभाऊ. मोजणारा बाहेरून जे दिसतं तेच काढतो. त्याला दार दिसलं नसेल.”

मग मी भिंग लावलं. समासात, घराच्या बाजूला, मोजणाऱ्याने बारीक अक्षरात शेरा लिहिला होता. शेरे लिहायची पद्धतच असते. ‘विहीर कोरडी’, ‘भिंत पडकी’, असं काहीबाही. हा शेरा मला अजून पाठ आहे. ‘दार बाहेरून विटांनी चिणले. मालक गावात नाही. आत बाई बोलते. मोजणी बाहेरून केली.’

कळलं का? आत जिवंत बाई बोलत होती. त्याने चार भिंती मोजल्या, लिहून घेतलं, आणि पुढच्या घराकडे गेला.

आणि दार कोणी चिणलं, हे सांगायला ज्योतिषी नको. कडेवर पोर घेऊन कोण निघालं होतं?

साडूने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हा रडेल. तर म्हणतो कसा, “तो काळच तसा होता. नाहीतर पोर वाचलं नसतं. मी नसतो.” खरंही असेल ते. पण माणसाने जरा थांबून तरी म्हणावं. मी म्हटलं, “फोटोबिटो राहू द्या. धाकटीला सांगा, तिच्या घरातली बाई आहे ती.” तो म्हणाला, “सांगतो.” आणि नक्कल घेऊन गेला.

सांगितलं नाही. त्या जागी जाताना तिने वाटेत विचारलं होतं म्हणे, “मग पणजी तापानेच गेल्या ना हो?” याने ताकास तूर लागू दिली नाही. “तापानेच,” म्हणाला.

हे पुढचं मला त्यानेच सांगितलं. घडलं त्याच रात्री सांगितलं, आणि नंतर मरेपर्यंत सांगत राहिला. एक शब्द बदलला नाही कधी.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुकान लवकर बंद करून दोघं निघाले, पोचेपर्यंत अंधार पडला. तारांचं काम चालू होतं म्हणून त्या गल्लीत वीज नव्हती. आकाशात चंद्र नाही. घराच्या जागी आता एक गोदाम होतं. तीन भिंती नव्या, सिमेंटच्या, पुढे लोखंडी शटर. मागची भिंत तेवढी जुनी, चुन्यातली. शेजारी टायरवाल्याचं दुकान. गोदाम त्याचंच, रिकामं पडलेलं. त्याने किल्ली दिली, म्हणाला, उंदरांना बिचकू नका, आणि दुकान बंद करून घरी गेला.

हद्दीचा दगड अजून होता, गल्लीत, गटाराच्या कडेला. दगडापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर नकाशाशी जुळलं, की ती भिंत पणजोबांच्या घराची. इतकं साधं. साडूकडे पोलादी टेप होता, लांबलचक, पेटीत गुंडाळायचा. त्याच्या टोकाला कडी.

टेपने मोजायला दोन माणसं लागतात. एक दगडापाशी, आकडा वाचायला. दुसरा कडी घेऊन पुढे जातो, भिंतीला टेकवतो आणि ओरडतो, “धरलं.” आकडा वाचून झाला की पहिला ओरडतो, “सोड.” तोवर सोडायचं नाही. काही झालं तरी नाही. मध्येच सोडलं तर सगळी मोजणी वाया. मीच शिकवलं होतं दोघांना, आमच्या अंगणात. धाकटीने खेळ समजून शिकून घेतलं होतं.

तर हा टायरवाल्याकडून घेतलेला कंदील लावून, पेटी घेऊन दगडापाशी बसला. ती कडी आणि विजेरी घेऊन आत गेली. आतून तिचा आवाज आला.

“धरलं.”

याने आकडा वाचला. नकाशाशी तंतोतंत. बोटभराचा फरक नाही. गडी हरखला. खिशातून पेन काढलं, तळहातावर आकडा लिहायला लागला.

‘सोड’ म्हणायचं राहिलं.

तेवढ्यात त्याच्या हातातली पेटी फिरली. टेप आत जायला लागला. सावकाश. एखादं माणूस चालत पुढे जावं तसा.

“अगं, कुठे चाललीस? भिंत आली ना?”

“आली की,” ती म्हणाली. “पण इथे दार आहे हो.”

याला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

“दार नाहीये तिथे. परत ये.”

“आहे. उघडंय… आत खोली आहे.”

टेप जातोय. पेटी गर्र गर्र फिरतेय. गोदाम कधीच संपलं. त्यामागे गल्ली, तीही संपली असती. टेप जातोय.

“परत ये म्हणतो ना.”

“थांबा… आत कोणीतरी बसलंय.”

मग काही नाही.

टेप थांबला. ताणलेला होता, तारेसारखा. मग आतून कुजबूज. दोघींची. एक आवाज धाकटीचा. दुसरा… दुसऱ्याचं वर्णन त्याने कधी केलं नाही. विचारलं की नुसती मान हलवायचा.

मग धाकटी बोलली. लांबून. फार लांबून.

“अहो… ही विचारतेय…”

“विचारतेय, तुम्ही उघडायला आलात का?”

मुलांनो, माणूस काय करील? तुम्ही म्हणाल, आत धावेल. बायकोला ओढून बाहेर काढेल. निदान तिचं नाव घेऊन हाक तरी मारेल.

तो उठला. पेटी खाली ठेवली. शटरपाशी गेला.

आणि शटर खाली ओढलं.

हो. ओढलं. कुलूपसुद्धा लावलं.

आतून पावलं आली, धावत. शटरवर हात आपटले.

“अहो. शटर का लावलंत? …अहो, मी आहे.”

हा उभा.

“मी आहे हो. मीच आहे. …उघडा ना.”

हा उभा. किल्ली हातात.

“अहो…”

मग ते बंद झालं. एकदम. कोणी तोंडावर हात ठेवावा तसं. आणि शटरखालच्या फटीतून टेप पुन्हा आत जायला लागला. जमिनीवरची पेटी घसरत घसरत गेली, शटरला आपटली. अडकली.

तेव्हा तो पळाला.

स्कूटर घेऊन थेट माझ्या घरी आला. दारात उभा, तळहातावर आकडा. आधी मला वाटलं अपघात झाला. काकूने विचारलं, “धाकटी कुठाय?” तो म्हणाला, “आत.” बस. तेव्हा तेवढंच. मी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. टायरवाल्याला उठवलं, दोघांनी शटर वर केलं.

कोणी नव्हतं.

विजेरी जमिनीवर पडलेली, चालू. शटरपासून टेप गोदामभर सरळ गेलेला आणि मागच्या भिंतीत घुसलेला. भिंतीत म्हणजे दोन विटांच्या मधल्या चुन्यात. चुना जुना, दगडासारखा घट्ट. भेग नाही. दार तर नाहीच. मी विजेरी घेऊन पलीकडच्या गल्लीत गेलो. तिकडच्या बाजूने भिंत साफ होती. भिंतीची जाडी असेल हातभर. आणि टेप निम्म्याहून जास्त आत होता. मी पाय रोवून ओढला. हलला नाही.

पोलीस आले. भिंत पाडून काय ते बघा म्हणून मी गयावया केली. त्यांनी टेपच्या दोन्ही अंगांनी विटा काढल्या. आरपार उजेड दिसला, बाकी काही नाही. टेप ज्या विटांमध्ये होता त्या मात्र निघेनात, पहारीचं टोक वाकलं. शेवटी त्यांनी बाहेरचा टेप कापला आणि पुरावा म्हणून नेला. साडूला पुष्कळ दिवस आत ठेवलं, मग सोडून दिलं. खून म्हणावा तर प्रेत नाही.

काकूने त्याचं तोंड पाहिलं नाही परत. मीही त्याला माफ केलं नाही. लोक म्हणतात, भीतीपुढे कोणाचं चालतं? बरोबर आहे. पण तिने ‘मी आहे’ म्हटलं होतं. आणि याने ते ऐकलं होतं.

तो मात्र रोज संध्याकाळी त्या गोदामात जायचा. टायरवाला बिचारा जाऊ द्यायचा. भिंतीला कान लावून बसायचा आणि म्हणायचा, “सोड. …सोड गं. झालं माझं. सोड.” वर्षानुवर्षं. दुकान गेलं, डोळे गेले, चष्मेवाला शेवटी चाचपडत यायचा. भिंतीतला तो कापलेला तुकडा बोटाने शोधायचा आणि ओढून बघायचा. पलीकडून धरलेलाच असायचा.

गेल्या थंडीत तो गेला. दवाखान्यात, एकटा. मला कळवलं, मी सही केली, सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरवाल्याचा फोन आला. म्हणाला, “जरा येऊन जाता का?”

गेलो. भिंत तशीच होती, कोरडी, घट्ट. चुन्यात टेप नव्हता, आणि टेप होता तिथे भोकही नव्हतं. टेप खाली जमिनीवर पडला होता. भिंतीत गेलेला सगळाच्या सगळा, कडीसकट.

आता तो माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात, कापडात. काकूला माहीत नाही. एवढ्या वर्षांत पोलाद गंजून तपकिरी झालंय. हात लावला की खपल्या निघतात. फक्त कडीपाशी गंज नाही. तिथे तो चकचकीत आहे, सतत धरून ठेवल्यावर होतो तसा. मी माझी मूठ लावून बघितली. पण ती जागा एका मुठीची नाहीये. दोन मुठींची आहे, एकीला लागून एक, आणि दोन्ही उजव्या हातांच्या.