अंजनीखालची पिवळी पानं

डोळे मिटून कल्पना करा, असं सांगणार होतो. पण मग वाचणार कसे? तेव्हा डोळे उघडेच असू द्या. तुमची मुलं शाळेत जायला लागतील, तेव्हाचा काळ. डोंगरमाथ्यावर एक वनस्पती उद्यान आहे. तिथे सदाहरित झुडपांचा मोठा संग्रह आहे आणि त्याची निगा राखतो खुरप्या नावाचा यंत्रमानव.

त्या सकाळी खुरप्या फावडं घेऊन अंजनीच्या झुडपापुढे उभा होता.

"इरावतीताई, बाजूला व्हा. हे झुडूप आजारी आहे. रोग पसरण्याआधी उपटायला हवं."

"अरे, अख्ख्या बागेत ही एकच अंजनी आहे!" शाळकरी इरावती हात पसरून आडवी उभी राहिली. "काय झालंय तिला?"

"पाटीवर 'सदाहरित' लिहिलं आहे. म्हणजे कायम हिरवं. पण खाली रोज पिवळी पानं सापडतात."

पानं खरंच पडली होती. इरावतीचा चेहरा उतरला. आरडाओरडा ऐकून मुक्ताआत्या आली. ही इरावतीची आत्या, त्या उद्यानातली शास्त्रज्ञ. 'उपटू नकोस' एवढं म्हणून ती मोकळी झाली असती. पण तिने विचारलं, "इरू, फांदीवर पिवळी पानं कुठे दिसतात?"

इरावती वाकली. "आत, बुंध्याकडे."

"आणि शेंड्याला?"

"कोवळी! चकचकीत आहेत अगदी."

"फांदी वाढते शेंड्याकडे. मग जुनी पानं कोणती?"

"आतली... म्हणजे ही म्हातारी झालीत?"

"बरोब्बर! पानात हरितद्रव्य (उन्हाच्या मदतीने अन्न बनवणारा हिरवा पदार्थ) असतं. पान म्हातारं झालं की झाड हे हरितद्रव्य मोडतं आणि कामाचं तेवढं परत घेतं. म्हणून पान पिवळं पडतं. मग देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार होतो आणि पान गळतं. पळस पानझडी (ठरावीक हंगामात सगळी पानं गाळणारा). अंजनी मात्र थोडी थोडी गाळते आणि नवी आणत राहते."

"आमच्या शाळेसारखं!" इरावती उडीच मारून म्हणाली. "दहावीची मुलं जातात, पहिलीची येतात. शाळा भरलेलीच!"

"मग पाटी खोटी?" खुरप्याने विचारलं.

"पाटी खरी आहे रे. सदाहरित झुडूप असतं, एकेक पान नव्हे. रोग असता, तर बहुधा कोवळ्या पानांवरही डाग दिसले असते. शंका आली की आधी शेंडा बघायचा."

खुरप्याने फावडं खाली ठेवलं.

"समजलं. पण एक अडचण आहे. दुसऱ्या यंत्रमानवालाही मीच असं उपटायला शिकवलं होतं. तो आत्ता कण्हेरीपाशी पोचला असेल."

"अरे देवा!" आत्या म्हणाली.

पण इरावती ऐकायला थांबलीच नव्हती. खुरप्याचा धातूचा हात घट्ट धरून ती धावत सुटली होती आणि वाटेतूनच ओरडत होती, "थांब रे! आधी शेंडा बघ, शेंडा!"