बाडो म्हणायचं राहिलं

दार-ए-सलामच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या टांगा शहरात मी एकोणीस वर्षं गणित शिकवलं. सकाळी शाळेत, आणि दुपारी चार वाजता राहत्या घराच्या ओट्यावर, गल्लीतल्या मुलांना. घर जुनं, दुमजली. वर लाकडी सज्जा आणि माझी खोली, खाली बी म्वानाइदीची चूल. बी म्हणजे बाई. नारळाच्या दुधात भिजवलेल्या तांदळाचे गोड आप्पे ती जिन्याच्या पायथ्याशी बसून तळायची. वर जाणाऱ्याला तिचा गुडघा ओलांडावा लागे, आणि गुडघा हलवण्याआधी ती सगळी चौकशी करून घेई.

मी नवा होतो तेव्हा पहिल्याच सकाळी जिन्यावरून कोणीतरी “होडी! होडी!” असं ओरडलं. मी सज्ज्यात धावलो आणि समुद्राकडे बघत राहिलो. इथे दाराशी आलं की होडी म्हणतात. आतून ‘करीबू’, म्हणजे ‘या’, आलं की मग उंबरा ओलांडायचा, तीनदा हाक देऊनही आलं नाही तर मुकाट्यानं परत फिरायचं. तो किस्सा बी म्वानाइदी एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होती.

दुसरा शब्द मला मुलांनी शिकवला. जेवलात का, पत्र आलं का, पाऊस पडला का, असं कोणी विचारलं आणि तसं झालेलं नसेल, तर ‘हापाना’, म्हणजे नाही, असं म्हणायचं नाही. ‘बाडो’ म्हणायचं. बाडो म्हणजे अजून नाही. बी म्वानाइदीचा नवरा बोटीवर गेला त्याला बारा वर्षं झाली होती. कोळी मुद्दाम विचारत, “परत आला का गं तुझा?” ती झारा न थांबवता म्हणे, “बाडो! तुझ्या पोटात काय दुखतंय?”

वर्गात मी तोच शब्द वापरायचो. कोणाला उदाहरण सुटलं नाही आणि त्यानं हापाना म्हटलं, की मी फळ्याकडे जाताजाता थांबायचो. मग साउमू नावाची एक मुलगी माझी नक्कल करून म्हणायची, “हापाना म्हणजे दार लावलं. बाडो म्हणजे नुसतं लोटलं. काय म्हणायचं, बाळांनो?” आणि सगळा ओटा ओरडायचा, “बाडो!”

एकोणिसाव्या वर्षी माझा करार संपला. मी कायमचा घरी, इचलकरंजीला निघालो होतो. माझ्या मुलीचे, रेवतीचे, दिवस भरत आले होते. ती स्वतः जन्मली तेव्हा मी इथे होतो, आणि तिला पहिल्यांदा उचललं तेव्हा ती तीन वर्षांची होती. परका माणूस म्हणून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. या वेळी मी तिला पत्रात लिहिलं होतं, “बाळाला पहिल्यांदा मांडीवर मीच घेणार. तोवर माझी जागा कोणाला देऊ नकोस.”

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी ट्रंक बांधत होतो. सकाळपासून निम्मी गल्ली ओट्यावरूनच हाक मारून विचारून गेली होती, निघालात का, निघालात का. प्रत्येकाला मी बाडो म्हटलं होतं. दोरीची गाठ सुटत होती, घाम डोळ्यांत जात होता. तेवढ्यात बंद दाराबाहेरून आवाज आला.

“म्वालिमू, निघालात का?”

म्वालिमू म्हणजे मास्तर. आवाज बाईचा की पुरुषाचा, हे मी त्या वेळी लक्षात घेतलं नाही. मी वैतागून ओरडलो, “हापाना!”

खाली झारा थांबला. मग जिना वाजला आणि बी म्वानाइदी वर आली. ती सहसा वर येत नसे.

“कोणाला म्हणालात?”

“जो आला होता त्याला.”

“कोण आला होता? मी सकाळपासून पाय पसरून बसलेय. माझा गुडघा कोणी ओलांडला नाही.”

“मग खालून विचारलं असेल कोणी.”

“होडी म्हणाला का?”

मी आठवून पाहिलं. “नाही. एकदम विचारलं.”

तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. “होडी न म्हणणाऱ्याला उत्तर देतात का कोणी? पोरांना शिकवता आणि स्वतः असं? चला, दार उघडा आणि बाडो म्हणा.”

मी हसलो. गणिताचा मास्तर मी. पण तिच्या समाधानासाठी दार उघडलं आणि रिकाम्या जिन्याकडे तोंड करून बोललो.

“हापाना,” मी म्हणालो.

“बाडो!”

“तेच म्हणतोय. हापाना.”

ती हसली नाही. झारा पदराला पुसत ती खाली गेली.

रात्री मी आरशासमोर उभा राहून प्रयत्न केला. जीभ टाळ्याला लागे आणि दुसराच शब्द बाहेर पडे. मराठीत ‘अजून’ म्हणून पाहिलं, तेही जमेना. मी बाडो कागदावर लिहिला. लिहिता येत होता. थकव्यानं असं होतं, असं स्वतःला समजावून मी झोपलो.

सकाळी बस वेळेवर सुटली. दार-ए-सलामहून संध्याकाळचं विमान होतं. ट्रंक टपावर चढवली. कातडी पिशवी, तिच्यात पासपोर्ट आणि तिकीट, खिडकीजवळच्या माझ्या जागेवर ठेवली. दोन्ही बाजूंना घायपाताची शेतं, सरळ रांगांची. मी सवयीनं रांगा मोजत होतो. सेगेराच्या फाट्यावर बस चहाला थांबली. मी उतरून टपरीवर चहा घेतला आणि परत निघालो, तर कंडक्टर दारात उभा राहून माणसं मोजत होता. माझ्याकडे बघून त्यानं हसत विचारलं, “म्वालिमू, चढलात का?”

मला म्हणायचं होतं, अजून नाही, थांब, आलोच.

“हापाना,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पत्र्यावर थाप मारली. बस हलली. मी धावलो, हात केले, ओरडलो. मी काय ओरडत होतो ते माझं मलाच ऐकू येत होतं. हापाना, हापाना.

खिडकी माझ्यासमोरून गेली. माझी जागा रिकामी नव्हती. कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, मांडीवर माझी पिशवी घेऊन, आणि मी चष्मा पुसतो तसा चष्मा पुसत होतं.

टपरीवाल्याला मी सांगितलं. तो म्हणाला, “मग चढायचं नव्हतं तर कशाला निघालात, आजोबा?”

मी परत टांग्याला आलो. बी म्वानाइदी माझी खोली धुऊन काढत होती. मला बघून तिनं बादली खाली ठेवली.

“तुम्ही गेलात,” ती म्हणाली.

मला बोलायची भीती वाटत होती. तिनं चटई अंथरली, चार आप्पे आणून ठेवले, आणि मी खाईपर्यंत दाराकडे पाठ करून बसून राहिली.

नव्या पासपोर्टसाठी मी दोन आठवडे सरकारी कचेरीत खेटे घातले. कचेरीतला माणूस सभ्य होता. त्यानं देश सोडणाऱ्यांची वही माझ्याकडे फिरवून दाखवली. गुरुवारी मी देश सोडला होता. सही माझी होती. ‘ब’चा दांडा मी थोडा लांब ओढतो, तोही तसाच.

“जो गेलाय त्याला परत कसा पाठवणार?” तो म्हणाला. “तुम्हीच सांगा, म्वालिमू.”

दुपारी चारला मुलं यायची ती येतच राहिली. मी फळ्यावर उदाहरण लिहून देई आणि गप्प बसे. गल्लीत मला कोणी काही विचारीनासं झालं. जेवलात का, हेसुद्धा नाही. बी म्वानाइदीनं सगळ्यांना बजावलं होतं.

एक दिवस साउमू ओटा रिकामा झाल्यावर मागे राहिली. “म्वालिमू, मी रोज तुमच्या वतीनं बाडो म्हणते,” ती म्हणाली. “झोपताना, तीनदा. चालेल ना?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पंधराव्या दिवशी पोस्टातून ट्रंक कॉल लागला. फोनची पेटी लाकडी होती, दार आतून बंद व्हायचं, आत एक माणूस मावेल एवढीच जागा. मी अडकल्याचं कळवणारी माझी दोन पत्रं पोचली नसावीत असं मी धरून चाललो होतो. रेवतीचा आवाज दुरून, पण स्वच्छ आला. मागे बायकांची गडबड होती, भांडी वाजत होती.

“रेवा,” मी म्हणालो, “मी बाबा.”

“कोण?”

“अगं, मी बाबा बोलतोय. टांग्याहून.”

ती हसली. “कोण चेष्टा करतंय? विनू भावोजी ना? बाबा इथंच आहेत की. येऊन दोन आठवडे झाले. आज बारसं आहे हो, लवकर या तुम्ही.”

मी पेटीचं दार आतून ओढून घेतलं.

“पण आल्यापासून ते असे काय वागतात कळत नाही,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “नुसते पाळण्याजवळ बसून असतात. जेवलात का विचारलं की एकच शब्द. बाडो. झोपलात का? बाडो. बाळाला घेता का म्हटलं, तरी तेच. मी घेणार, मी घेणार असं लिहीत होते, आणि आता हात लावत नाहीत. तिकडची भाषा असेल. काय हो त्याचा अर्थ?”

मला सांगायचं होतं. तोंडातून एकच शब्द निघाला, आणि पहिल्यांदाच तो मला हवा होता तोच होता.

“नाही!” मी ओरडलो. “नाही! नाही!”

“थांबा हं, भावोजी, काही ऐकू येत नाहीये. तिकडे मुहूर्ताची घाई चाललीय.” फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. तिची पावलं दूर गेली. बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या. मग तिचा आवाज आला, लाडातला, लहानपणी ती माझ्याशी बोलायची तसा.

“बाबा, घेता का आता बाळाला?”

मी फोन कानाशी दाबून वाट पाहिली. आयुष्यात कुठल्याही शब्दाची मी इतकी वाट पाहिलेली नाही.

कोणी बाडो म्हणालं नाही. पाळण्याची कडी एकदा वाजली, आणि बाळ उचलल्यावर होतो तसा पाळणा हलका होऊन करकरत राहिला.