चार वाजताचा बावटा

हे घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या आजीने हे तिच्या आजीच्या, म्हणजे रूथच्या तोंडून ऐकलं. आणि रूथ थट्टेतसुद्धा खोटं बोलणारी बाई नव्हती.

साल १८२१. सेंट हेलेना बेट. ऑगस्टमधली दुपार, चारचा सुमार.

रूथचा नवरा सायलस टेकडीवरच्या चौकीत बावटेवाला होता. हरलेल्या बादशहाला या बेटावर आणून ठेवल्यापासून सायलसला काम एकच. दरीपलीकडच्या बंगल्यातले पहारेकरी रोज बादशहाला डोळ्यांनी बघायचे आणि चार वाजता पांढरा बावटा चढवायचे. म्हणजे कैदी जागेवर आहे. सायलसने तोच निरोप खाली किल्ल्याकडे द्यायचा. निळा चढला तर कैदी नाहीसा. मग तोफ, आणि बेटभर धावपळ.

निळा कधी चढलाच नाही.

मे महिन्यात बादशहा वारला. इथेच, दरीतल्या झऱ्याजवळ त्याला पुरलं. पहारा उठला. बंगल्यात मेंढ्या कोंडू लागले.

त्या दुपारी सायलस आणि म्हातारा ओबेड चौकीतलं सामान बांधत होते.

"ओबेडकाका, बंगल्यावर कोणाला ठेवलंय का?"

"मेंढ्यांना. का रे?"

"मग तो बावटा कोण चढवतंय?"

ओबेडने दुर्बीण लावली.

धुक्यातून पांढरा बावटा... सावकाश वर चढत होता.

"असेल कोणी टवाळ शिपाई," ओबेड म्हणाला. "बघू नकोस तिकडे."

दुसऱ्या दिवशी, चार वाजता, पुन्हा.

तिसऱ्या दिवशीही.

आणि तिसऱ्या दिवशी सायलसचा हात इतक्या वर्षांच्या सवयीने दोरीकडे गेला. तो भानावर आला तोवर त्याचा बावटा वर पोचला होता.

उत्तर दिलं गेलं होतं.

"हे काय केलंस?" ओबेडचा आवाज एकदम खाली आला. "आता त्याला कळलं ना, इकडे कोणीतरी बघतंय म्हणून."

चौथ्या दिवशी... निळा.

"किल्ल्यावर कळवू?" सायलसने विचारलं.

"काय कळवशील? मेलेला माणूस पळाला म्हणून? दारू पिऊन चौकीवर बसतोस म्हणतील आणि पाठीवर कोरडे ओढतील."

ओबेडने यायला साफ नकार दिला. सायलस एकटाच दरी उतरून गेला.

बंगल्यापुढे मेंढ्या उभ्या होत्या. सगळ्यांची तोंडं दाराकडे. दार सताड उघडं, पण आत एकही नाही.

एकही ओरडत नव्हती.

त्याने वर बघितलं. बावट्याच्या काठीला दोरीच नव्हती. पहारा उठला तेव्हाच ती काढून नेलेली. वरच्या कप्पीवर कोळ्याचं जाळं होतं... अख्खं.

खिडकीच्या झडपेला दोन भोकं होती. बादशहाने स्वतः चाकूने पाडलेली, असं पहारेकरी सांगायचे. आपण कोणाला दिसू नये, पण बाहेरचं सगळं दिसावं म्हणून.

आत कोणीतरी येरझाऱ्या घालत होतं.

पावलं... मग थांबणं... मग पुन्हा पावलं.

सायलसने भोकाला डोळा लावला.

पावलं थांबली.

आत नुसता काळोख. त्याला काहीच दिसेना. आणि मग तो काळोख... मिटला. आणि उघडला.

पलीकडूनही कोणीतरी डोळा लावला होता.

सायलस तसाच पळत घरी आला. चौकी सोडून त्याने मासेमारी धरली. पण एक खोड लागली ती लागलीच. रोज चार वाजता, घरी असला की, तो रूथला विचारायचा,

"रूथ, मी आहे ना इथे?"

"नाहीस. तुझं भूत बसलंय सुरण खात," ती सुरुवातीला म्हणायची. पुढे त्याचा चेहरा बघून तिने थट्टा सोडली. कामातून मान वर करून त्याच्याकडे नीट बघायची आणि म्हणायची, "आहेस."

असं वर्षभर चाललं.

एके दिवशी रूथ चुलीपाशी माशाच्या वड्या तळत होती. पाठ दाराकडे. तेल तापलेलं.

"रूथ, मी आहे ना इथे?"

"आहेस रे बाबा, आहेस," ती न वळताच म्हणाली.

पावलं तिच्या मागून आतल्या खोलीत गेली.

तिने वड्या उतरवल्या आणि आत जाऊन बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. पण उन्हाच्या बाजूच्या खिडकीची झडप आतून लावलेली होती. ती तिने लावली नव्हती.

तासाभराने सायलस किनाऱ्यावरून आला. खांद्यावर मासा, कपडे ओलेचिंब. तो उंबऱ्यातच थबकला.

"घरात कोण आलंय?"

तिने सगळं सांगितलं.

"तू वळून बघितलंस का?"

"नाही."

"न बघताच आहेस म्हणालीस?"

सायलस तिच्यावर रागावला नाही. मासा खाली ठेवून तो बाहेर पायरीवर बसला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही.

त्या दिवसापासून सायलसने तो प्रश्न कधीच विचारला नाही. अगदी मरेपर्यंत.

पण प्रश्न यायचा थांबला नाही.

रूथचं ते घर अजून उभं आहे. मी तिथेच राहते. दुपारी चार वाजता मी शक्यतो बाहेर अंगणात असते... आणि आतून कोणी हाक मारली, तर ओ देत नाही.